‘औषध घेतलं’: विदर्भातल्या १०८च्या कॉलची पार्श्वभूमी

कपाशीच्या पट्ट्यात ‘त्यानं औषध घेतलं’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. तापाची गोळीही औषध आणि फवारणीचं द्रावणही औषधच. म्हणून रुग्णवाहिकेच्या १०८ या क्रमांकाला फोन लागला की आडपडदा न ठेवता सांगावं: विष पोटात गेलंय. गावासोबत तालुकाही सांगावा, कारण वडगाव नि पिंपळगाव जिल्ह्याजिल्ह्यात आहेत आणि फोन उचलला जातो पुण्यात.

महाराष्ट्रात ही सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यात २३३ प्रगत जीवरक्षक, म्हणजे जीव वाचवण्याची जास्तीची साधनं असलेल्या, आणि गाडीत डॉक्टर. तोवर पेशंट जीपमध्ये किंवा मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसून जायचा. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला असं नेलं की उलटी फुप्फुसात उतरते. मिठाचं पाणी पाजून उलटी करवण्यातही हाच धोका. डाव्या कुशीवर निजवावं, भिजलेले कपडे काढून अंग साबणानं धुवावं आणि विषाचा डबा लेबलासकट गाडीत द्यावा. पावसाळ्यात पांदणीत गाडी शिरत नाही. कॉल झाल्याबरोबर पेशंटला कुशीवरच ठेवून ट्रॅक्टरनं डांबरी रस्त्यावर आणलं तर वेळ वाचतो.

पण आमच्या मते खरा वेळ खातं ते लपवणं. पोलिसांच्या धाकानं घरचे ‘ऊन लागलं’ म्हणतात. ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाच्या विषावर अॅट्रोपिन हे उताऱ्याचं इंजेक्शन लागतं, आणि तेही छातीतली घरघर कोरडी होईपर्यंत. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या दिसल्या म्हणून थांबवायचं नसतं. विषाचं नावच दडवलं तर हे सुरू व्हायलाच उशीर होतो.

हा धाक भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९चा, इंग्रजी अमलातला; त्यानं आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवला होता. पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार अडवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९मध्येच परमानंद कटारा खटल्यात बजावलं. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं. तो २९ मे २०१८पासून लागू आहे. १ जुलै २०२४ला दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ३०९ गेलंच. दवाखाना पोलिसांना आजही कळवतो, पण ती नोंद असते. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न सोडला, तर जीव द्यायला निघालेल्या माणसाला आता त्यासाठी शिक्षा नाही. गावातल्या पारावर मात्र ही गोष्ट अजून पोचलेली नाही, आणि तिथंच ती सर्वांत जास्त हवी आहे.

दुसऱ्या दिवशी पेशंट बोलायला लागला की ‘बरा झाला’ म्हणून घरी नेण्याची घाई होते. याच गटाच्या विषात एक ते चार दिवसांत मानेचे नि श्वासाचे स्नायू अचानक ढिले पडू शकतात. उशीवरून मान उचलता येत नसेल तर लगेच नर्सला सांगावं.

सुट्टी होण्याआधी समुपदेशकाशी गाठ घालून द्यावी. राज्यानं २०१५मध्ये शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला तो याच कामासाठी. घरी गेल्यावर मन पुन्हा खचलं तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि फवारणीचे डबे घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात ठेवावेत.