फ्लॅटबेड घ्यायचा की फिल्म स्कॅनर? आधी निगेटिव्ह मापून बघा

दोन्ही खोक्यांवर लिहिलेलं असतं की फिल्म स्कॅन होते, म्हणून लोक दोन्ही एकच समजतात आणि मग स्वस्त दिसेल तो उचलतात. एप्सन व्ही६०० हा फ्लॅटबेड, म्हणजे काच असलेला नेहमीचाच स्कॅनर, फक्त झाकणात वेगळा दिवा आहे आणि तो फिल्ममधून आरपार उजेड टाकतो (ऑफिसच्या साध्या स्कॅनरला हा दिवा नसतो, त्यावर निगेटिव्ह ठेवलीत तर काळं ठिक्कर येणार). प्लसटेक ८२००आय हा फक्त फिल्मचा, आणि फिल्म म्हणजे ३५ एमएमच (नेहमीचा छोटा रोल), बाकी काही त्यात जातच नाही.

आता आपल्या बडोद्याची गंमत बघा. अग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा इथेच बनायचा, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये, त्यामुळे दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत आजोबांच्या डब्यात हमखास चौकोनी मोठ्या निगेटिव्ह निघतात, १२० फिल्मच्या, एका रोलमध्ये १२ फोटो. त्या प्लसटेकमध्ये जाणार नाहीत. म्हणजे अशा डब्यासाठी प्रश्न तिथेच मिटला, फ्लॅटबेडच घ्या.

आणि त्यात नुकसानही काही नाही. खोक्यावर ६४०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके) असं ठोकून लिहिलेलं असतं ते सोडून द्या, तेवढे ठिपके फाइलमध्ये येतात पण तेवढा तपशील नाही, व्ही६०० कडून खरे साधारण १५००-१६०० मिळतात असं धरून चला. तरीपण १२० ची फ्रेम ५६ मिमीची, १६०० ने सुद्धा जवळपास १२ मेगापिक्सेल होतात, भिंतीवर लावायला भरपूर. तोच हिशोब ३५ एमएमला केला तर फ्रेम २४ बाय ३६ मिमी, आले जेमतेम साडेतीन मेगापिक्सेल, म्हणजे ५ बाय ७ ची प्रिंट निघेल, व्हॉट्सअॅपवर मस्त दिसेल, पण मोठं करायला गेलात की धूसर पडेल. प्लसटेक पण खोक्यावर ७२०० लिहितो बरं का, पण त्याचे खरे ३२०० च्या आसपास मिळतात, म्हणजे त्याच फ्रेममधून साडेतेरा मेगापिक्सेल.

मग ३५ एमएमवाल्यांनी डोळे मिटून प्लसटेक घ्यावा का, तर तसंही नाही कारण त्यात होल्डर प्रत्येक फोटोला हाताने सरकवावा लागतो, आणि फ्लॅटबेडवर १२ फ्रेम एकदम लावून चहा प्यायला जाता येतं. लग्नाचे चाळीस रोल असतील तर हे फार जाणवतं. माझं मत विचाराल तर आधी सगळं फ्लॅटबेडवर, आणि निवडक फ्रेम नंतर कुठूनतरी नीट स्कॅन करून घ्या.

धूळ ओळखून स्कॅनमधून काढायचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा उजेड) दोघांत आहे (प्लसटेक ८१०० मध्ये नाही, नाव सारखं आहे म्हणून तो घेऊन येऊ नका). पण जुन्या ब्लॅक अँड व्हाइटवर तो चालत नाही, त्यातली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि मशीन फोटोलाच धूळ समजतं. तिथे ब्लोअर आणि मऊ ब्रश. पावसाळ्यात बुरशी आलेली असेल तर तीही बटण दाबून नीट जात नाही.

जुना निकॉन कूलस्कॅन (हाही फिल्म स्कॅनरच) कोणी विकत असेल तर मशीन उत्तमच, पण कंपनीने कधीचे बंद केलेत, तेव्हा समोर बसून एक पट्टी स्कॅन करून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.