चंद्रपूरच्या हवेवरचं झाकण

डिसेंबरात सकाळी साडेसहाला चंद्रपुरातल्या एखाद्या जुन्या वस्तीत उभं राहून सिगडीचा धूर बघावा. कोळसा पेटेपर्यंत सिगडी दाराबाहेर ठेवलेली असते. धूर कौलांपर्यंत सरळ चढतो आणि तिथून, वर पत्रा ठोकल्यासारखा, आडवा पसरतो. बघता बघता गल्लीभर निळसर पट्टा तयार होतो. हीच सिगडी मे महिन्याच्या दुपारी पेटवली तर धूर क्षणात वर जाऊन दिसेनासा होतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 साली देशातल्या 88 औद्योगिक क्षेत्रांची पाहणी केली, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांसह चौथं आलं होतं. गुण जितके जास्त तितकं प्रदूषण जास्त. कारणं शहराला वेढूनच आहेत: कोळशाच्या खाणी, 2920 मेगावॅटचं वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने, रस्त्यावर कोळसा सांडत जाणारे ट्रक. पण हे सगळं बाराही महिने चालतं. मग हवा थंडीतच इतकी का बिघडते? सिगड्या आणि शेकोट्या वाढतात हे खरं, पण मोठा फरक पडतो तो डोक्यावरच्या हवेत.

दिवसा ऊन जमीन तापवतं, जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर जाते, वरची खाली येते. हवा अशी ढवळली जाते ती उन्हाळ्यातल्या दुपारी दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत. थंडीत आकाश निरभ्र असतं, वारा पडलेला असतो. रात्री जमीन आपली उष्णता झपाट्यानं गमावते आणि तिच्या अंगालगतची हवाही गार होते. वर ऊबदार, खाली गार. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. गार हवा जड, ती वर जाणार कशी? ढवळणं थांबतं आणि शे-दोनशे मीटरवर झाकण बसतं. धूर तेवढाच, पण तो मावायची जागा दोन हजार मीटरऐवजी दोनशे मीटर उंचीची झाली, तर प्रत्येक श्वासात दसपट धूर येणार. हे नुसतं भागाकाराचं गणित आहे.

आता उंच चिमण्यांचं बघू. धुरातला गंधकाचा वायू काढणारी यंत्रणा नसेल, तर 500 मेगावॅट आणि त्याहून मोठ्या वीजनिर्मिती संचांना 275 मीटर उंचीची चिमणी नियमानंच लागते. थंडीत रात्री झाकण कित्येकदा त्याच्याही खाली असतं, त्यामुळे चिमणीचा धूर झाकणाच्या वर, एका पट्ट्यात तरंगत राहतो. खालच्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. मग सूर्य उगवतो. जमीन तापू लागते, ढवळणं खालून सुरू होतं आणि हळूहळू वर चढत त्या पट्ट्याला जाऊन भिडतं. त्या क्षणापासून रात्रभर वर साठलेला धूर खाली ओढला जातो. हे फार तर तासाभराचं काम, पण नेमकं तेव्हा लोक कामावर आणि मुलं शाळेत निघालेली असतात. धुकं असेल तर आणखी वाईट, कारण कोळशातल्या गंधकाचा वायू धुक्याच्या थेंबांत विरघळतो आणि त्याचे सल्फेटचे सूक्ष्म कण होतात. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात.

पावसाळ्यात हवा धुतली जाते. मोठी धूळ पहिल्याच जोरदार सरीत बसते, बारीक कणांना मात्र वेळ लागतो. उन्हाळ्यात धूळ उडते, दारं-खिडक्यांवर काळसर थर बसतो, बोट फिरवलं की रेघ उमटते. तो डोळ्यांना दिसतो म्हणून तक्रारी तेव्हाच जास्त होतात. पण दिसणारी धूळ बहुतेक जाडी असते, तिच्यातली बरीच नाकात-घशात अडकते. खरी भीती बाळगावी ती जानेवारीतल्या न दिसणाऱ्या कणांची.

म्हणूनच वर्षाची सरासरी वाचताना सावध राहावं. आपल्याकडे या बारीक कणांची मर्यादा एका घनमीटरला वर्षभराच्या सरासरीनं 40 मायक्रोग्रॅम आणि दिवसाच्या सरासरीनं 60 आहे. पावसाळ्याचे चार स्वच्छ महिने थंडीचे वाईट आठवडे सरासरीत झाकून टाकतात. दम्याच्या माणसाला मात्र त्या आठवड्यांतही श्वास घ्यावाच लागतो. माझ्या मते औद्योगिक शहराचे नियम ऋतूप्रमाणे बदलायला हवेत: थंडीच्या पहाटे कोळसा भरणं-उतरवणं आणि त्याची वाहतूक कमी, वस्त्यांना सिगडीऐवजी परवडेल असा गॅस, आणि शाळा थोडी उशिरा.

पहाटेची हवा शुद्ध असते, असं ऐकतच आपण मोठे झालो. खेड्यात, गवतावरच्या दवात ते खरंही असेल. चंद्रपुरात डिसेंबर-जानेवारीत मी फिरायला दुपारी चारला निघतो. तेव्हा कुणी सिगडी पेटवली तर धूर कौलं ओलांडून सरळ वर जाताना दिसतो.