बाळाच्या मांडीतलं एक मिलिग्रॅम

"लस द्यायचीच आहे, मग वर ही आणखी एक सुई कशाला?" पुण्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहात आज्या-आत्या हे विचारतात. हल्ली त्यांच्या हातात 'बाळाला केमिकल टोचू देऊ नका' असा फॉरवर्डही असतो. ही सुई म्हणजे लस नव्हे. जन्मल्यावर लगेच मांडीत देतात ते १ मिलिग्रॅम व्हिटॅमिन के. किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला त्याच्या निम्मं.

रक्त गोठवणारी बरीच प्रथिनं यकृतात बनतात. त्यातली चार, फॅक्टर २, ७, ९ आणि १०, सुरुवातीला अर्धवटच असतात. त्यांच्या एका टोकाला ग्लुटामिक आम्लाचे दहा-बारा घटक असतात आणि प्रत्येकावर एकच कार्बॉक्सिल गट, म्हणजे एकच ऋणभार. एक विकर (एन्झाइम) तिथे कार्बन डायऑक्साइड वापरून दुसरा कार्बॉक्सिल गट बसवतं आणि या कामाला त्याला व्हिटॅमिन के लागतंच. आता दोन ऋणभार शेजारी आले, चिमटा तयार झाला. त्यात कॅल्शियमचा आयन पकडला जातो, प्रथिनाची घडी बदलते आणि ते जखमेपाशी जमलेल्या प्लेटलेटच्या पृष्ठभागाला जाऊन चिकटतं. व्हिटॅमिन के नसेल तरी यकृत प्रथिनं बनवत राहतं, ती रक्तात फिरतातही, पण चिकटत नाहीत! हा जास्तीचा कार्बॉक्सिल गट शास्त्रज्ञांना सापडला थेट १९७४ मध्ये. व्हिटॅमिन के तर हेन्रिक डाम यांनी कोपनहेगनमध्ये, रक्तस्राव होणाऱ्या कोंबडीच्या पिलांवरून, १९३० च्या दशकातच ओळखलं होतं.

काम झालं की व्हिटॅमिन के ऑक्सिडाइज होतं आणि दुसरं विकर त्याला पुन्हा कामाजोगं करतं. हृदयाची झडप बदललेल्या आजोबांची, रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी वॉर्फरिनची गोळी नेमकं हेच दुसरं विकर अडवते.

बाळाकडे मुळात साठाच नसतो. वारेतून हे जीवनसत्त्व फार थोडं पलीकडे जातं, आतड्यात ते बनवणारे जिवाणू अजून वसलेले नसतात आणि आईच्या दुधातही ते अत्यल्प असतं. बाळंतिणीने मेथी-शेपू कितीही खाल्ला तरी दुधात पुरेसं उतरत नाही. दूध आईचंच द्यावं. ही एक उणीव सुई भरून काढते.

ती राहिली तर रक्तस्राव बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात होतो: नाळेतून, नाकातून, शौचावाटे. याच दिवसांत पाचवी पुजतात. पूजा जरूर करा, पण नाळेतून रक्त झिरपत असेल तर ते सटवाईचं लिखित नाही, नजरही नाही. मीठमोहऱ्या ओवाळत बसू नका, दवाखाना गाठा. उशिराचा प्रकार दोन आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कधीही होतो, तोवर छान हसत-खेळत असलेल्या बाळाला, आणि बरेचदा थेट मेंदूत.

१९९२ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासाने या इंजेक्शनचा बालकर्करोगाशी संबंध सुचवला होता. नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो टिकला नाही. फॉरवर्डमध्ये मात्र पहिलंच वाक्य फिरतं.

डिस्चार्ज कार्डावर व्हिटॅमिन के दिल्याची नोंद आहे का, ते बघा. नसेल, किंवा बाळ घरी अथवा रुग्णवाहिकेत जन्मलं असेल, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना विचारा.