खेळायची कणीक मऊ का राहते?

मैदा, मीठ, पाणी, थोडे तेल आणि चमचाभर लिंबाचा रस एवढ्या साहित्यात लहान मुलांना खेळण्यासाठी मऊ, रंगीत कणीक घरीच तयार होते, हे बहुतेक पालकांना ठाऊक असते. तरीही एकाच कृतीने केलेली कणीक एका घरात महिनाभर टिकते, दुसऱ्या घरात चार दिवसांत भेगाळते आणि तिसऱ्या घरात हाताला चिकटू लागते. याचे कारण हाताच्या गुणात नसून त्या पाच पदार्थांच्या कामात आहे. कोणता पदार्थ कशासाठी घातला आहे हे एकदा कळले, की बिघडलेली कणीक सुधारता येते आणि कृतीतले काय बदलले तरी चालते, काय बदलता कामा नये, हेही ठरवता येते.

सुरुवात मैद्यापासून करू. मैद्याचा सर्वांत मोठा भाग स्टार्चचा, म्हणजे पिष्टाचा असतो आणि सुमारे दहावा हिस्सा प्रथिनांचा असतो. पाणी घालून मळल्यावर ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही दोन प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे लवचिक जाळे तयार करतात. पोळीसाठी हा गुण हवासा असला, तरी खेळण्यासाठी तो अडचणीचा ठरतो, कारण मुलाने चेंडू दाबून चपटा केला की कच्ची कणीक आक्रसून पुन्हा मूळ आकाराकडे जाऊ पाहते. म्हणून खेळायची कणीक मंद आचेवर शिजवावी लागते. पिष्टाचे कण निव्वळ पाण्यात साधारण ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी शोषून फुगू लागतात आणि त्यांतून अमायलोज नावाचे लांब रेणू बाहेर पडतात. तापमान आणखी वाढले की प्रथिनेही आपली मूळ घडण गमावून घट्ट होतात. पातेल्यातले पातळ मिश्रण ढवळता ढवळता अचानक एकवटते आणि कडा सोडून गोळा होते, तो हाच क्षण. अशा शिजलेल्या गोळ्याला दिलेला आकार टिकतो, कारण त्याला ओढून धरणारे जाळे आता उरलेले नसते.

शिजवण्याचे दुसरे कारण आरोग्याचे आहे आणि माझ्या मते ते पहिल्याहून महत्त्वाचे आहे. मैदा कोरडा आणि पांढराशुभ्र दिसत असला, तरी तो कच्चा पदार्थ आहे. शेतात धान्याला लागलेले जिवाणू दळण्याने मरत नाहीत. २०१६ साली अमेरिकेत मैद्यातून पसरलेल्या ई. कोलाय जिवाणूच्या संसर्गाने २४ राज्यांतील ६३ जण आजारी पडले होते आणि त्यांत कच्च्या कणकेशी खेळलेली किंवा ती खाल्लेली काही मुलेही होती. ‘गॅसची गरज नाही’ असे सांगणाऱ्या झटपट कृती सोप्या असतात हे खरे, पण ज्या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाते त्या वयासाठी त्या योग्य नाहीत.

आता मीठ. प्रचलित कृतींत एक वाटी मैदा आणि एक वाटी पाण्याला अर्धी वाटी मीठ सांगितलेले असते. १०० ग्रॅम पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळते, आणि साखरेप्रमाणे पाणी तापवल्याने मिठाची विद्राव्यता फारशी वाढत नाही. या हिशेबाने एक वाटी पाणी तृतीयांश वाटीपेक्षा जरा कमी मिठातच संपृक्त होते. अर्धी वाटी घातल्यास उरलेले मीठ विरघळत नाही, कणकेत रवाळ कण म्हणून राहते आणि गोळा सुकल्यावर पृष्ठभागावर पांढरी झाक आणते. ज्यांची कणीक वाळूसारखी खरखरीत लागते, त्यांनी मीठ तृतीयांश वाटीवर आणून पाहावे. टिकाऊपणात फरक पडत नाही, कारण टिकवण्याचे काम विरघळलेले मीठच करते.

ते काम कसे होते हेही पाहण्यासारखे आहे. जिवाणू आणि बुरशी यांना नुसते पाणी असून भागत नाही, ते पाणी त्यांना वापरता यायला हवे. हे मोकळे पाणी किती आहे, याचे माप शून्य ते एक या पट्टीवर सांगतात आणि त्याला जलसक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलसक्रियता १, तर मिठाच्या संपृक्त द्रावणाची सुमारे ०.७५ असते. बहुतेक जिवाणूंना ०.९ च्या वर आणि बहुतेक बुरशींना ०.८ किंवा त्याहून अधिक जलसक्रियता लागते. त्यामुळे ओली असूनही खारट कणीक त्यांच्या दृष्टीने जवळपास कोरडीच असते. काही चिवट बुरशी याही परिस्थितीत वाढतात, म्हणून कणकेवर ठिपके दिसले किंवा आंबूस वास आला तर ती टाकून द्यावी.

हाच ०.७५ चा आकडा चिकटपणाचेही कोडे उलगडतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की संपृक्त मिठाचे द्रावण हवेतले पाणी ओढून घेते आणि आर्द्रता त्याखाली असली की ते हवेला पाणी देऊन टाकते. म्हणून पावसाळी हवेत उघडी राहिलेली कणीक ओघळते आणि कोरड्या हवेत तीच भेगाळते. दोन्हींवर उपाय एकच, घट्ट झाकणाचा डबा. चिकट झालेल्या गोळ्यात चमचाभर मैदा मिसळण्याचा मोह होतो. पण तो मैदा कच्चा असतो, म्हणून गोळा पुन्हा पातेल्यात घालून दोन मिनिटे परतणे बरे. भेगाळलेल्या गोळ्यात ओल्या हाताने थोडे थोडे पाणी मुरवले की तो बहुधा पूर्ववत होतो.

डब्यात बंद असूनही कणीक हळूहळू घट्ट होते, ते मात्र पाणी उडाल्यामुळे नव्हे. शिजताना विस्कटलेल्या पिष्टाच्या साखळ्या थंड झाल्यावर पुन्हा शेजारी शेजारी रांगेत येऊ लागतात. पाव शिळा होऊन कडक होतो, त्यामागेही हीच क्रिया असते. लिंबाच्या रसातले किंवा क्रीम ऑफ टार्टर या बेकिंगच्या आम्लधर्मी पुडीतले आम्ल येथे उपयोगी पडते. उष्णता आणि आम्ल एकत्र आले की काही लांब साखळ्या तुटतात व मिश्रण अधिक सैल राहते, शिवाय आम्लता जिवाणूंनाही मानवत नाही. तेल पृष्ठभागावर पातळ थर धरून बाष्पीभवन मंदावते आणि बोटांना कणीक चिकटू देत नाही. रंग मात्र खाण्याचेच वापरावेत आणि ते पाण्यात आधी विरघळवावेत, म्हणजे मळताना हात रंगत नाहीत.

या साध्या मिश्रणाचा इतिहासही गमतीचा आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातली कुटोल ही कंपनी १९३० च्या दशकात भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसण्यासाठी पिठाचा मऊ लगदा विकत असे. घरे तापवण्यासाठी कोळशाऐवजी गॅस आणि तेल आले, धुता येणारे व्हिनाइलचे कागद आले आणि पुसणीची गरज घटली. कंपनीच्या जो मॅकव्हिकर यांच्या नात्यातल्या के झुफॉल या बालवाडी चालवत होत्या. त्यांनी तो लगदा मुलांच्या हाती देऊन पाहिला, आणि १९५६ साली तोच ‘प्ले-डो’ या नावाने खेळणे म्हणून बाजारात आला.

कणीक खाल्ली तर काय, हा प्रश्न प्रत्येक पालक विचारतो आणि ‘सगळे खाण्याचेच पदार्थ आहेत’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर पुरेसे नाही. तृतीयांश वाटी मीठ घालून तयार झालेल्या कणकेतही वजनाने सुमारे पाचवा हिस्सा मीठ असते, म्हणजे २५ ग्रॅमच्या लहानशा गोळीत जवळपास ५ ग्रॅम मीठ येते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभराची मिठाची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी सांगितलेली आहे. चव इतकी खारट असते की मूल सहसा थुंकून टाकते, पण एक-दीड वर्षाच्या मुलाला ही कणीक देऊन दुसऱ्या खोलीत जाऊ नये. घरात कुत्रा असेल तर त्याच्यापासूनही ती दूर ठेवावी, कारण कुत्री चव न पाहता मोठा गोळा गिळतात आणि रक्तातील सोडियम वाढून त्यांच्या जिवावर बेतू शकते.

कॉर्नफ्लोअरमध्ये पाणी मिसळून केलेला खेळ याहून वेगळा आहे, कारण तिथे पिष्ट शिजवलेलेच नसते. साधारण दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला एक वाटी पाणी घेतले, तर मिश्रणात बोट हळू बुडते, पण जोराने ठोसा मारल्यास ते दगडासारखे टणक होते. हळू हालचालीत कणांमध्ये पाण्याचा पातळ थर टिकून राहतो आणि ते एकमेकांवरून सरकतात. जोराचा दाब पडला की तो थर फाटतो, कण एकमेकांना घासून अडकतात आणि क्षणभर घन पदार्थ तयार होतो. खेळ संपल्यावर हे मिश्रण मोरीत ओतू नये. तळाशी बसलेले पिष्ट नळी तुंबवते. ते वाळवून कचऱ्यात टाकणे सोयीचे. चिकट, ताणला जाणारा स्लाइम करण्यासाठी डिंकात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स घालण्याची पद्धत आहे, आणि ती शाळकरी मुलांना रसायनशास्त्र दाखवण्यासाठी ठीक आहे. मात्र टाकणखार डोळ्यांना व त्वचेला त्रासदायक असून पोटात जाण्याजोगा नाही. त्यामुळे पाच वर्षांखालच्या मुलांसाठी तो घरात आणूच नये, असे माझे मत आहे.

सजावटीसाठी मणी, बटणे, बिया वापरताना एक माप उपयोगी पडते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने करतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू श्वासनलिकेत अडकू शकते असे मानले जाते. बटणाच्या आकाराच्या बॅटऱ्या आणि लोहचुंबकाचे सुटे तुकडे कोणत्याही वयाच्या लहान मुलाच्या कलाकामात नसावेत, कारण अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत तिथले ऊतक जाळू शकते.

कणकेप्रमाणेच मुलांच्या कागदकामामागेही विज्ञान असते, पण ते बरेचदा दुर्लक्षित राहते. कागद यंत्रावर तयार होताना लगद्यातले सेल्युलोजचे तंतू बहुतांशी यंत्राच्या धावेच्या दिशेने आडवे होतात, त्यामुळे प्रत्येक कागदाला एक धार, म्हणजे तंतूंची दिशा असते. वर्तमानपत्राचे पान वरून खाली फाडले तर सरळ पट्टी निघते आणि आडवे फाडले तर कड वेडीवाकडी जाते, ती यामुळेच. कोणत्याही जाड कागदाची धार ओळखायची असेल, तर त्यातून एक उभी आणि एक आडवी अशा सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापाव्यात आणि दोन्ही एका टोकाला धरून पुढे करून पाहाव्यात. जी कमी लवते तिच्यात तंतू लांबीच्या दिशेने आहेत. शुभेच्छापत्राची घडी धारेच्या दिशेने घातली तर ती स्वच्छ पडते, आडवी घातल्यास घडीवर तंतू तुटून खरबरीत रेघ उमटते.

पाणी लागल्यावर ही धार अधिकच जाणवते. सेल्युलोजचा तंतू भिजला की जाडीत चांगलाच फुगतो, पण लांबीत जेमतेम वाढतो. एकाच बाजूला खळ लावलेला कागद म्हणूनच गुंडाळी होऊ पाहतो. खळ म्हणजे एक भाग मैदा आणि चार-पाच भाग पाणी शिजवून केलेले पिष्टच. त्यातले रेणू आणि कागदातले सेल्युलोज यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात आणि पाणी निघून जाताना ते घट्ट होतात, म्हणून खळ पातळ थरात लावलेली बरी, जाड थर फक्त वाळायला वेळ घेतो आणि आत बुरशी धरतो. फुग्यावर किंवा वाडग्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवून मुखवटा करायचा असेल, तर एक थर उभ्या पट्ट्यांचा आणि त्यावरचा आडव्या पट्ट्यांचा ठेवावा. एका थराचे आकुंचन दुसरा थर अडवतो आणि मुखवटा वाळताना पिळवटत नाही. दर दोन-तीन थरांनंतर तो हाताला थंड लागेनासा होईपर्यंत वाळू द्यावा, कारण थंड स्पर्शाचा अर्थ आत अजून पाणी आहे आणि त्याचे बाष्पीभवन चालू आहे असा असतो. फुगा फोडण्याचे काम मात्र मोठ्यांनी करावे आणि त्याचे तुकडे लगेच गोळा करावेत, कारण रबराचा लवचिक तुकडा घशात बसला तर तो निघता निघत नाही.