कार्बन गंजत नाही, पण त्याला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम?

कार्बन तंतूंच्या फ्रेमच्या सायकलीला गंज चढत नाही, म्हणून ती समुद्राकाठी राहणाऱ्यांसाठी उत्तम, असं कोकणात रोडबाइक चालवणारे बरेच जण मानतात. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. दुसऱ्या भागासाठी मात्र थोडं रसायनशास्त्र लागतं. बिननावाची फ्रेम मागवून, तिच्यावर एकेक भाग चढवत स्वतः सायकल बांधायची असेल, तर ते आधीच समजून घेतलेलं बरं.

बिननावाच्या बहुतेक फ्रेम चीनमधल्या कारखान्यांतून येतात. हे कारखाने स्वतःच्या साच्यातून फ्रेम काढतात आणि मागेल त्याला विकतात. कोणी तिच्यावर आपलं नाव रंगवून घेतो, कोणी कोरीच ठेवतो. त्यामुळे नाव नाही एवढ्यावरून माल हलका ठरत नाही. प्रसिद्ध कंपनीचं खोटं नाव रंगवलेल्या फ्रेमला मात्र हात लावू नये. नावात फसवणारा आतल्या थरांत प्रामाणिक राहिला असेल, असं मानायला मी तयार नाही.

आणि सगळा खेळ त्या थरांचाच आहे. कार्बनचा एक तंतू साधारण ५ ते ७ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. सायकलींसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टी-७०० जातीच्या तंतूची ताणशक्ती ४,९०० मेगापास्कल असते, साध्या बांधकामाच्या पोलादाच्या कित्येक पट. पण ही ताकद फक्त तंतूंच्या दिशेने. चिव्याची (बारीक बांबूची) काठी दोन्ही टोकांना धरून ओढली तर तुटत नाही, पण कोयता उभा घातला की सरळ चिरत जाते, कार्बनचंही तसंच. तंतूंना आडवा ताण दिला की सगळा भार तंतूंना चिकटवून धरणाऱ्या मधल्या इपॉक्सी रेझिनवर येतो आणि ताकद तीस-चाळीस पटींनी घसरते. म्हणून पातळ पट्ट्यांचे शेकडो तुकडे वेगवेगळ्या कोनांत, हाताने, एकावर एक बसवतात. त्यात सुरकुती पडली किंवा हवा अडकली तर बाहेरच्या रंगावरून काहीच कळत नाही. मोबाइलला जोडायचा लांब वायरचा कॅमेरा हेडट्यूबमधून (हँडलखालच्या पुढच्या नळीतून) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस फिरतो त्या जागेच्या) भोकातून आत सोडून बघावं. नाण्याने नळीवर हलके ठोके देत जावं. सारख्या जाडीच्या भागात एखाद्याच जागी आवाज बद्द आला, तर तिथे थर सुटले असण्याची शंका घ्यावी. विकणाऱ्याकडे आयएसओ ४२१० चाचणीचा अहवालही मागावा. त्यात पॅडलवरचा दाब एक लाख वेळा देऊन फ्रेम तपासतात.

एवढं पाहून फ्रेम चांगली निघाली, तरी किनाऱ्यावरचा खरा प्रश्न पुढेच आहे. कार्बन विजेचा वाहक आहे. त्याला अ‍ॅल्युमिनियम टेकलं आणि दोघांमध्ये खारं पाणी शिरलं, की तिथे चक्क बॅटरी तयार होते. समुद्राच्या पाण्यात या दोघांच्या विद्युत पातळीत सुमारे १ व्होल्टचा फरक पडतो. अ‍ॅल्युमिनियम इलेक्ट्रॉन देत झिजत जातं. कार्बनच्या पृष्ठभागावर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि कार्बन जसाच्या तसा राहतो. झिजलेल्या धातूची पांढरी भुकटी होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून पावसाळाभर न काढलेली अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट (सीटखालची दांडी) कार्बनच्या नळीत आवळून बसते.

आकाराचं गणितही इथे उलटं पडतं. कार्बनचं क्षेत्रफळ मोठं आणि अ‍ॅल्युमिनियमचं छोटं असेल, तर सगळा प्रवाह त्या छोट्या तुकड्यावर एकवटतो. म्हणून सर्वांत आधी हाल होतात ते पाण्याच्या बाटलीची जाळी जिथे आवळतात त्या बारीक नटांचे. त्यांच्याभोवती रंगाला फुगवटे आलेले दिसले, की आतमध्ये हेच चाललंय असं समजावं. घामातलं मीठही नेमकं तिथेच ठिबकतं. विमानं बांधणाऱ्यांनाही हा त्रास चुकलेला नाही. बोइंग ७८७ मध्ये वजनाने जवळपास निम्मा भाग कार्बनसारख्या संमिश्रांचा आहे, आणि त्यांना लागून अनेक ठिकाणी टायटॅनियम वापरलं आहे, कारण कार्बनशेजारी ते झिजत नाही.

कोणी म्हणेल, मी पावसात सायकल काढतच नाही. पण पाणी पावसाचंच लागतं असं नाही. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाझरायला लागतं. स्वयंपाकघरातल्या खड्याच्या मिठाला पाणी सुटतं ते यामुळेच. खाऱ्या वाऱ्याने फ्रेमवर बसलेला मिठाचा थर पडवीत उभ्या सायकलवरही ओला राहतो, आणि ती बॅटरी रात्रंदिवस चालू राहते.

म्हणून सायकल बांधताना मी कोकणासाठी वेगळी निवड सुचवेन. हल्ली ब्रेकचे पाइप आणि केबली हेडसेटमधून (हँडल फिरतं त्या बेअरिंगच्या जोडातून) लपवून नेण्याची फॅशन आहे. दिसायला सुरेख, पण पाणी थेट वरच्या बेअरिंगवर उतरतं, आणि गंजलेलं बेअरिंग बदलायचं तर अनेकदा हायड्रॉलिक ब्रेकचं तेलसुद्धा काढावं लागतं. केबली खालच्या नळीतून आत जाणारी साधी फ्रेम घ्यावी. बॉटम ब्रॅकेटच्या तळाला पाणी निथळायला भोक आहे का, ते बघावं. आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असेल तर आत अ‍ॅल्युमिनियमची बाही चिकटवलेली असते. तिच्याभोवती काचतंतूचा थर दिलाय का, हे आधी विचारून घ्यावं. काच वीज वाहू देत नाही, त्यामुळे बॅटरीच जुळत नाही. खात्रीचं उत्तर मिळालं नाही, तर प्लास्टिकच्या कपांचा दाबून बसवायचा प्रकार बरा, मात्र भोकाचं माप व्हर्नियरने नीट तपासून. नाहीतर प्रत्येक चढाला करकर ऐकावी लागेल. सीटपोस्ट कार्बनचीच घ्यावी, बारीक कणांची कार्बन पेस्ट लावून बसवावी आणि टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने) लिहिलेल्या मापाइतकीच आवळावी. बाकीच्या धातूच्या जोडांना भरपूर ग्रीस.

चालवण्यात या फ्रेमची मजा कोकणात जितकी कळते तितकी सपाटीवर कळत नाही. आरे-वारेचा रस्ता घ्या. खाडीवरून वर, पुन्हा खाली, पुन्हा वर. उभं राहून पॅडल मारलं की ताकद वाया न जाता चाकापर्यंत पोचते हे पायाला जाणवतं. हलकेपणाचं कौतुक मात्र बेतानेच करावं. फ्रेम अर्धा किलोने हलकी झाली, तर चालवणाऱ्यासकट ८० किलोंत तो फरक एक टक्काही नाही. त्यापेक्षा ३० मिलिमीटरचे टायर बसतील एवढी जागा फ्रेममध्ये असणं जास्त महत्त्वाचं. खड्ड्यांतून चालवताना हातांना तेच वाचवतात.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीने सायकल नेली, तर घरी आल्यावर लगेच गोड्या पाण्याने धुवावी, पण फवाऱ्याचा जोर बेअरिंगवर नको. मृगाच्या आधी एकदा आणि पाऊस सरल्यावर एकदा सीटपोस्ट काढून पुसावी.

अ‍ॅल्युमिनियमची पोस्ट अडकलीच, तर हातोडा घेऊ नये आणि फ्रेमला आच तर मुळीच देऊ नये. रेझिन मऊ पडतं. उलट पोस्ट थंड करावी. अ‍ॅल्युमिनियम थंडीने आक्रसतं, कार्बन जवळजवळ नाही. पोस्टच्या बाहेर राहिलेल्या भागाभोवती बर्फाचा चुरा बांधून थोडा वेळ थांबावं, मग सीट धरून हळूहळू डावी-उजवीकडे पीळ द्यावा.