ठरीव कार्यपद्धतीचे यंत्रव्यवसाय (गोवा)

लेखी सूचना, ठरलेला क्रम व मोजमाप यांच्या आधारे चालणारी कारखानी व यांत्रिक कामे. नेमून दिलेल्या पद्धतीने काम करण्यात ज्यांना समाधान वाटते, त्यांना ती विशेष मानवतात. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वेल्डर, यंत्रचालक व गुणवत्ता तपासनीस हे यांतील परिचित व्यवसाय.

या कामांना कोणता स्वभाव अनुकूल, याची पद्धतशीर मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या व्यवसायनिवडीच्या सिद्धांतापासून झाली, असे सामान्यतः मानतात. त्यांच्या मूळ सहा वर्गांत हातकामाकडे ओढा असणारे व नियमाने चालणारे असे दोन वेगळे वर्ग होते. दुसरा वर्ग म्हणजे कारकुनी व हिशेब, अशी समजूत रूढ आहे. ती अपुरी वाटते. हॉलंड यांनी पुढे मांडलेल्या षट्कोनी आकृतीत हे दोन्ही वर्ग शेजारी येतात, आणि अवजाराची आवड व क्रमाची शिस्त कारखान्यात एकाच माणसाकडून अपेक्षित असते.

गोव्यात या कामांचा विस्तार मुख्यतः मुक्तीनंतरचा. वास्कोच्या जहाजबांधणीचा आरंभ मात्र पोर्तुगीज अमदानीतला, बहुधा १९५७ चा. तेथील कारखान्याचे गोवा शिपयार्ड हे नाव १९६७ पासूनचे. औद्योगिक विकास महामंडळ १९६६ मध्ये स्थापन झाल्यावर औद्योगिक वसाहती वाढल्या.

शिस्तीचा कस औषधनिर्मितीत सर्वाधिक लागतो. वेर्णा येथील वसाहतीत औषधांचे मोठे कारखाने आहेत. गोळ्यांची एक बॅच संपली की ‘लाइन क्लिअरन्स’ झाल्यावाचून दुसरी घेता येत नाही. यंत्राखाली, पट्ट्यावर किंवा कचऱ्याच्या डब्यात आधीची एकही गोळी वा लेबल राहिलेले नाही, हे चालक पाहतो. दुसरा माणूस पुन्हा पाहून सही करतो. बॅचच्या नोंदपत्रात खाडाखोड चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर तो वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही व तारीख. याला साचेबंद काम म्हणून कमी लेखणे अन्यायाचे आहे. रुग्णाची सुरक्षितता त्यावर अवलंबून असते. जहाजाच्या वेल्डिंगमध्येही इलेक्ट्रोड, विद्युतप्रवाह व थरांचा क्रम मंजूर पद्धतीनेच ठेवावा लागतो.

फर्मागुडी, म्हापसा, मडगाव, वास्को इ. ठिकाणी शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. फिटर, टर्नर व मशिनिस्ट हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डरचा एक वर्षाचा. फिटरचे शिक्षण कानसकामापासून सुरू होते: लोखंडी तुकडा घासायचा, गुण्या लावून काटकोन पाहायचा, व्हर्नियरने माप घ्यायचे. पुढील शिकाऊ उमेदवारी १९६१ च्या कायद्यानुसार होते.