हेडलाइटचे एलईडी बदली बल्ब

मोटारीबरोबर आलेल्या हेडलाइटमधला हॅलोजन बल्ब काढून त्याच खोबणीत बसवायचा एलईडी बल्ब. यात परावर्तक, काच, होल्डर आणि वायरिंग मूळचेच राहते, बदलतो तो फक्त प्रकाशाचा उगम. ज्या मोटारींचा अख्खा दिवाच एलईडीसाठी घडवलेला असतो, त्यांना आणि अशा बदललेल्या दिव्यांना बोलण्यात सरसकट ‘एलईडी हेडलाइट’ म्हणतात. दोन्ही गोष्टी मुळात वेगळ्या आहेत. प्रस्तुत नोंद दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

पूर्वपीठिका : बदली बल्ब ज्याची जागा घेतो तो हॅलोजन बल्ब मोटारीत १९६२ च्या सुमारास युरोपात आला. त्याचा पहिला नमुना एच१. अप्पर आणि डिपर असे दोन तंतू एकाच काचेत असलेला एच४ हा १९७० च्या दशकाच्या आरंभीचा, तर एकतंतू एच७ हा १९९० च्या दशकाच्या आरंभीचा. रस्त्याच्या कडेच्या बाजूला वर चढणारा आणि समोरच्या वाहनाच्या बाजूला खाली राहणारा असममित डिपर झोत युरोपात १९५७ पासून मान्य आहे. आजही बहुतेक देशांतील डिपर त्याच कल्पनेवर उभा आहे.

एलईडीचा शोध नेमका कोणाचा, याबाबत मतभेद आहेत. मार्कोनी कंपनीतील हेन्री राउंड यांना १९०७ मध्ये कार्बोरंडमच्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) स्फटिकातून वीज जाऊ दिल्यावर पिवळसर प्रकाश दिसला. त्यांनी त्याचे छोटेसे टिपण प्रसिद्ध केले, मात्र विषय पुढे नेला नाही. ओलेग लोसेव्ह या रशियन तंत्रज्ञाने १९२० च्या दशकात हीच घटना स्वतंत्रपणे पाहिली आणि १९२७ पासून तिच्यावर सविस्तर लेखन केले. स्फटिक तापल्यामुळे तर उजळत नाही ना, हे तपासण्यासाठी त्यांनी त्यावरून बेंझीन किती वेगाने उडते ते पाहिले. प्रकाश चालू असतानाही बेंझीन लवकर उडत नव्हते. म्हणजे हा प्रकाश तापलेल्या वस्तूचा नव्हता. पुढे टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील रॉबर्ट बायर्ड व गॅरी पिटमन यांनी १९६१ मध्ये अवरक्त एलईडी, तर जनरल इलेक्ट्रिकमधील निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तांबडा प्रकाश देणारी एलईडी तयार केली. व्यवहारात वापरता येईल असा दृश्य प्रकाश हा निकष धरणारे अभ्यासक होलोन्याक यांना मान देतात. घटना प्रथम दिसणे हा निकष धरला तर राउंड पुढे येतात. घटना पाहणे आणि ती ओळखणे यांत फरक केला, तर लोसेव्ह यांचा दावा अधिक भक्कम वाटतो. बेंझीनचा तो साधा प्रयोग त्यांची बाजू सांभाळतो.

हेडलाइटच्या दृष्टीने मात्र निर्णायक टप्पा निळ्या एलईडीचा. ती साधल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या चिपवर पिवळ्या प्रस्फुरक पदार्थाचा थर दिला की दोहोंच्या मिश्रणातून डोळ्याला पांढरा वाटणारा प्रकाश मिळतो. बदली बल्बमध्येही हीच चिप असते. बंद बल्बच्या कडेला दिसणारे पिवळे चौकोन म्हणजे हा थर.

एलईडी हेडलाइट असलेली पहिली मोटार कोणती, याचे उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. केवळ डिपर धरल्यास लेक्सस एलएस ६००एच (२००७ च्या सुमारास), सर्व पुढचे दिवे धरल्यास ऑडी आर८ (२००८). बदली बल्ब यानंतरचे. ते साधारणपणे २०१० च्या दशकात सर्वत्र पसरले. त्याआधी हॅलोजनच्या दिव्यात झेनॉन वायूच्या बल्बचे किट घालण्याची लाट येऊन गेली होती. समोरच्याच्या डोळ्यांवर लाइट जाण्याची आज ऐकू येणारी तक्रार तेव्हाचीच आहे.

प्रकाशिकी : हेडलाइटचा परावर्तक हा बल्बच्या तंतूभोवती आखलेला असतो. एच७ मध्ये तंतूची लांबी सुमारे ४ मिमी असते आणि तो बल्बच्या बैठकीच्या संदर्भपातळीपासून सुमारे २५ मिमीवर असतो. कारखान्यात ही अंतरे मिलिमीटरच्या अंशांत सांभाळली जातात. परावर्तकाचा प्रत्येक तुकडा या चार मिलिमीटरच्या तंतूची प्रतिमा रस्त्यावर टाकतो, आणि अशा असंख्य प्रतिमा एकावर एक रचून झोत बनतो. झोताची वरची स्पष्ट कड, जिच्या वरच्या बाजूला प्रकाश जवळपास नसतो, तीही याच रचनेतून येते. उगम थोडा जरी पुढेमागे झाला तरी या प्रतिमा सरकतात. काही रस्त्यावरून उठून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात.

तंतू ही बारीक वेटोळी तार असल्याने ती सर्व बाजूंना सारखीच उजळते. एलईडी चिप सपाट असून तिचा प्रकाश मुख्यतः समोरच्या अर्ध्या अवकाशात जातो. म्हणून बदली बल्बमध्ये एका पातळ पट्टीच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावून चिपा बसवतात. पट्टीला जाडी असतेच, त्यामुळे दोन चिपांचे मिळून होणारे उगमस्थान तंतूपेक्षा जाड होते आणि पट्टीच्या कडेच्या दिशेला प्रकाशाची फट राहते. बल्ब चांगला की वाईट, हे पुष्कळसे या पट्टीच्या जाडीवर ठरते, डब्यावर छापलेल्या ल्युमेनवर (एकूण प्रकाशाच्या मापावर) नव्हे. बल्ब होल्डरमध्ये कोणत्या कोनात बसतो हेही तितकेच महत्त्वाचे. चिपा साधारणपणे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या दिशांना याव्या लागतात. वर-खाली आल्या तर झोताची रुंदी आणि कड दोन्ही बिघडतात.

एच४ ची अडचण आणखी नाजूक. त्यात डिपरच्या तंतूखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे परावर्तकाचा वरचा भागच वापरला जातो आणि झोत रस्त्यावर पडतो. एलईडी बदली बल्बमध्येही तशीच वाटी द्यावी लागते. ती जागेवर नसेल किंवा आखूड असेल, तर डिपर लावूनही समोरच्याला अप्पर लावल्यासारखे दिसते. भिंगाचा प्रोजेक्टर असलेल्या दिव्यात कड पडद्याने आखलेली असल्याने ती सहसा शाबूत राहते. तरी कडेलगतचा, दूरवर जाणारा प्रखर पट्टा मंदावू शकतो. चालकाला मात्र गाडीपुढची जमीन लखलखीत दिसते आणि दिवे सुधारल्याचा भास होतो. जवळची जमीन फार उजळली की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते, नजर जवळच खिळते आणि लांबचे कमी दिसते. ‘प्रकाश वाढला’ आणि ‘दिसणे वाढले’ यांत इथे अंतर पडते.

प्रकाशमान व उष्णता : युरोपीय मानकानुसार १३.२ व्होल्टला एच७ चा प्रकाश १५०० ल्युमेन, एच४ चा अप्परला १६५० व डिपरला १००० ल्युमेन मानला जातो. ५५ वॅटमध्ये १५०० म्हणजे वॅटमागे जेमतेम २७ ल्युमेन, त्यामुळे एलईडीची काटकसर निर्विवाद. परंतु २५ वॅटच्या बल्बवर १०,००० ल्युमेन लिहिलेले असेल, तर वॅटमागे ४०० होतात. पांढऱ्या प्रकाशाच्या सैद्धांतिक मर्यादेपुढे हा आकडा टिकत नाही.

हॅलोजनची उष्णता बरीचशी अवरक्त किरणांच्या रूपाने झोताबरोबर पुढे जाते. एलईडीची उष्णता चिपच्या पाठीमागे साठते. ती बाहेर काढायला अॅल्युमिनियमचे पंख किंवा छोटा पंखा लागतो आणि तो दिव्याच्या मागच्या टोपणाच्या जागेत येतो. टोपण नीट बसले नाही की ओल व धूळ आत शिरते, परावर्तकाचा मुलामा जातो आणि मग कोणताही बल्ब घातला तरी दिवा मंदच राहतो. टोपण घट्ट बसले तर हवा कोंडते, चिप तापते आणि पहिल्या काही मिनिटांतच प्रकाश उतरतो. बर्फाळ प्रदेशात आणखी एक परिणाम दिसतो. काच थंड राहिल्याने तिच्यावर साचलेले बर्फ वितळत नाही.

विद्युत बाजू : मोटारीचा संगणक बल्ब शाबूत आहे की नाही हे त्यातून वाहणाऱ्या प्रवाहावरून ओळखतो. ५५ वॅटचा बल्ब सुमारे साडेचार अँपिअर घेतो. एलईडी त्याच्या अर्ध्याहून कमी घेते, त्यामुळे डॅशबोर्डवर बल्ब गेल्याचा इशारा येतो. काही मोटारी बंद दिव्यातूनही तपासणीचे सूक्ष्म झटके पाठवतात आणि एलईडी त्यावर लुकलुकते. उपाय म्हणून जोडायच्या रोधकात वाचवलेली वीज पुन्हा उष्णता होऊन जाते. असा रोधक प्लास्टिकला टेकवून बांधू नये. कमी दर्जाच्या ड्रायव्हरमुळे (एलईडीला प्रवाह पुरवणाऱ्या मंडलामुळे) रेडिओत खरखर येते.

अंधुक हेडलाइटचे कारण पुष्कळदा बल्ब नसतोच. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. १३.२ ऐवजी १२ व्होल्ट पोचले तर चौथ्या हिश्शाहून अधिक प्रकाश जातो. जुनी वायर, गंजलेले अर्थिंग, तसेच अतिनील किरणांनी पिवळी पडलेली पॉलिकार्बोनेट काच ही अधिक नेहमीची कारणे. रिले (लहान प्रवाहाने चालणारा स्विच) घालून जाड वायरने बॅटरीचा प्रवाह थेट दिला किंवा काच पॉलिश केली, तर मूळ झोत न बिघडवता बराच फरक पडतो. बदली बल्बचा विचार त्यानंतर करणे इष्ट.

रंग : हॅलोजनचे रंगतापमान (आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर) सुमारे ३२०० केल्विन, झेनॉनचे ४३०० च्या आसपास, बदली बल्बचे बहुधा ५५०० ते ६५०० असते. निळसर प्रकाश धुक्यात अधिक विखुरतो म्हणून पिवळा चांगला, हा समज जुना आहे. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत पिवळे हेडलाइट सक्तीचे होते, त्याचा दाखला अनेकदा दिला जातो. परंतु आकाश निळे दिसण्याचे कारण असलेले विकिरण हे तरंगलांबीहून फार लहान कणांपुरते खरे आहे. धुक्याचे थेंब तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात आणि सर्व रंगांना जवळपास सारखेच विखुरतात. निळा अंश जास्त असलेला प्रकाश डोळ्यांना अधिक टोचतो, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य दिसते. धुक्यात रंगापेक्षा झोताची वरची कड किती स्वच्छ आहे यावर अधिक अवलंबून असते.

पडताळणी : सपाट जमिनीवर, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपर लावल्यास झोताची कड बल्बच्या उंचीच्या सुमारे १० सेंमी खाली पडावी, एक टक्का उतार हे रूढ प्रमाण आहे. जुना बल्ब असतानाच भिंतीवर खडूने कड आखून ठेवावी आणि नंतर नवा बल्ब त्या रेषेशी ताडून पाहावा. कड अस्पष्ट झाली, तिच्या वरच्या बाजूला प्रकाशाचे पट्टे उठले किंवा रस्त्याच्या कडेकडे चढणारी तिरकी रेघ विरली, तर तो बल्ब त्या दिव्याचा नाही. स्क्रू फिरवून झोत खाली करता येतो, पण आकार सुधारत नाही.

नियमन : संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या नियमांत बल्ब आणि दिवा यांची मान्यता जोडीने चालते. तंतूच्या बल्बांसाठी नियम ३७, एलईडी उगमांसाठी नियम १२८ आहे. तंतूच्या बल्बसाठी मान्य झालेल्या दिव्यात एलईडी घातली की त्या दिव्याची मान्यता सामान्यतः संपते. प्रखरतेचीही बाजू आहे : डिपरचा उगम २००० ल्युमेनहून अधिक असल्यास काच धुण्याची व झोत आपोआप समतल ठेवण्याची सोय असावी, असा दंडक नियम ४८ मध्ये दीर्घकाळ होता. अमेरिकेचे मोटार सुरक्षा मानक १०८ बदली बल्बांबाबत वेगळ्या वाटेने जवळपास याच निष्कर्षाला येते. एक अपवाद जर्मनीचा. तेथे २०२० मध्ये ऑसराम या दिव्यांच्या कंपनीच्या एच७ एलईडी बदली बल्बला रस्त्यावर वापरण्याची मान्यता मिळाली, पण ती सरसकट नव्हती. प्रत्येक मोटारीचे मॉडेल आणि तिच्यातला दिवा तपासून यादी केली गेली आणि यादीत नसलेल्या गाडीत तोच बल्ब बेकायदाच राहिला. त्यामुळे एकाच खोक्यातून काढलेले दोन सारखे बल्ब एका गाडीत मान्य आणि शेजारच्या गाडीत अमान्य असू शकतात.